थंडीच्या दिवसांत जुन्या मालाचा बाजार कसा करायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या विक्रेत्यांसाठी

डिसेंबर-जानेवारीत आमच्या बेळगावात सूर्य सातच्या सुमाराला वर येतो आणि संध्याकाळी सहाला बुडतो. उन्हाळ्यात सकाळी सातलाच गिऱ्हाईक येऊन माल चिवडायला लागतं, दुपारी सामसूम होते आणि पुन्हा रात्री आठपर्यंत गर्दी राहते. थंडीत हे सगळं उलटं होतं. दहाच्या आत माणूस घरातून हलत नाही, आणि पाचला ऊन उतरलं की बायका पोरांना घेऊन घरची वाट धरतात. म्हणजे पाल टाकून बसलेल्याच्या हातात खऱ्या विक्रीचे सहा तास उरतात. या सहा तासांत माल धुणं, टाके घालणं, किंमत ठरवणं, सुट्टे पैसे शोधणं यांतलं काहीच करायला वेळ नसतो. ते सगळं आधी घरी झालेलं पाहिजे. या लेखात जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं म्हणूनच बाजाराच्या आधीचं आहे.

आमचं घर वडगावातलं, विणकराचं. मागाचं काम कमी झालं तेव्हा सासूबाईंनी शिवलेल्या चार वाकळा घेऊन मी पहिल्यांदा बाजारात बसले. तेव्हापासून जुने गरम कपडे, वाकळा, तांब्या-पितळेची भांडी हाच माझा धंदा आहे. अलीकडे ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं सविस्तर लिहिते.

आधी कॅलेंडर बघा

बेळगावचा मोठा बाजार शनिवारचा, खासबागचा रविवारचा, खानापूरचाही रविवारचाच, निपाणीचा गुरुवारचा. नव्या माणसानं पहिल्या वर्षी दोनच बाजार धरावेत आणि ते सोडू नयेत. जुन्या मालाचं गिऱ्हाईक आज बघून जातं, घरी विचारतं आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी येतं. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गावाला गेलेले असाल तर ती विक्री गेली. एकाच वारी दोन गावं करायची दगदग तर मुळीच करू नका.

माल घ्यायचा हंगाम नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. घराघरांत आवराआवर चालते, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, नको असलेलं बाहेर पडतं. विकायचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर. याच सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या चिक्कोडी, निपाणी, संकेश्वर भागात उतरतात. उसाच्या पाचटाच्या कोपीत ही माणसं लहान पोरांसकट थंडी काढतात. पहाटे फडात जायला त्यांना जाड स्वेटर, कानटोपी, पायमोजे लागतात. चांगल्या अवस्थेतला जुना माल त्यांना नव्यापेक्षा परवडतो. त्यांच्यासाठी पोरांचे गरम कपडे वेगळे काढून ठेवा आणि वाजवी भावात द्या. मजुरीची आगाऊ उचल घेऊन आलेल्या माणसाकडून दहा रुपये जास्त काढण्यात काही मोठेपणा नाही, आणि एका कोपीतली बाई खूश होऊन गेली की पुढच्या बाजाराला टोळीतल्या चौघी घेऊन येते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचे उपवास असतात आणि संध्याकाळी घरी पूजा. निपाणीचा बाजार नेमका त्याच वारी, म्हणून त्या महिन्यात तिथं बायका लवकर येऊन लवकर परततात. अकरा ते दोन एवढ्यात जे होईल ते. कन्नड गावांत येळ्ळ अमावास्येला सगळं घर शेतात जेवायला गेलेलं असतं, तेव्हा त्या दिवशीच्या बाजारावर भिस्त ठेवू नका.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाचे दिवस. वाण म्हणून जुनी वस्तू कोणी लुटत नाही आणि आपणही ती तशी खपवू नये. पण घरात वापरायला पितळी करंडे, तबकं, पंचपाळी, तांब्याचे गडवे या पंधरवड्यात चांगले जातात. घासून लखलखीत केलेला एक करंडा पुढं ठेवला की त्याच्यासाठी थांबलेली बाई मागचा स्वेटरही बघते.

जत्रांचं गणित वेगळं आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला मार्गशीर्ष पौर्णिमेला आणि माघी पौर्णिमेला लोटच्या लोट जातात, माघातच चिंचलीला मायाक्कादेवीची जत्रा भरते. माणसं उघड्यावर, गाडीखाली झोपतात, त्यामुळे चादरी आणि घोंगडी तिथं खपतात. जड भांडी मात्र कोणी घेत नाही, कारण ती वागवायची कुठं? नवख्यानं पहिल्या वर्षी जत्रेला नुसतं बघायला जावं. जागा, रात्रीचा मुक्काम, मालाची राखण हे एकट्याचं काम नाही.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपण म्हणतो. गरम कपड्यांचा शेवटचा बाजार मी त्याच्या पंधरा दिवस आधीचाच धरते. आणखी एक: डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन असतं तेव्हा शहराच्या त्या बाजूला बंदोबस्त आणि वाहतुकीचे फेरफार असतात. हायवेनं माल आणणाऱ्यांनी त्या दिवसांत तासभर लवकर निघावं.

माल कुठून घ्यायचा, आणि कुठला घ्यायचा नाही

जुने कपडे सर्वात जास्त येतात ते बोहारणींकडून. त्या दिवसभर दारोदार फिरून भांड्यांवर कपडे घेतात आणि संध्याकाळी घरी बसून निवडतात. निवडायच्या वेळेला तुम्ही तिथं असलात तर गरम कपडे वेगळे काढून घेता येतात. आठवड्याला ठरलेल्या दिवशी जा, रोख द्या, त्यांच्याशी फार ओढाताण करू नका. भांड्यांसाठी भंगारवाले, आणि जुने वाडे पाडून अपार्टमेंट बांधतात तिथली घरं. टिळकवाडी, शहापूर भागात घर उतरवायला काढलं की मालकच विचारतात, हे घेऊन जाता का म्हणून.

घेताना वहीत तारीख, देणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि वस्तू लिहा. पाचशेच्या वरची वस्तू असेल तर देणाऱ्याची सहीसुद्धा घ्या. चोरीचा माल ठाऊक असून किंवा संशयाला जागा असून घेतला तर घेणाराही गुन्हेगार ठरतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये ते आहे. म्हणून जाळून सोललेली तांब्याची तार, शेतातल्या मोटारीचे भाग, कागदाविना सायकल हे कितीही स्वस्त मिळालं तरी मी हात लावत नाही. कुणाच्या तरी विहिरीवरची केबल कापून ती तार आलेली असते, आणि त्या शेतकऱ्याचं पाणी आठवडाभर बंद पडलेलं असतं.

जुना मोबाईल विकायचाच असेल तर *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तपासा, किंवा इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर १४४२२ वर मेसेज करा. बंद केलेला हँडसेट असेल तर लगेच कळतं.

पाणी तापवायचा जुना इलेक्ट्रिक रॉडही विकू नका. थंडीत त्याला मागणी फार असते, पाच जण तरी विचारून जातात. पण आतून चिरलेला रॉड बाहेरून दिसत नाही आणि ओल्या फरशीवर उभ्या माणसाला तो जिवावर बेततो. या एका वस्तूबाबत माझं मत पक्कं आहे.

वाकळ आणि बंब

थंडीच्या जुन्या बाजारात या दोन वस्तूंना मरण नाही, आणि दोन्ही पारखायला शिकावं लागतं.

वाकळ म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण. कन्नड गिऱ्हाईक तिला कौदी म्हणतं. घेताना आधी उन्हाकडे धरा. थर कुठं सरकून गोळा झाले असतील तर तिथं गडद ठिपका दिसतो आणि विरलं असेल तिथं उजेड येतो. मग काठ बघा, कारण वाकळ आधी काठाला फाटते, पांघरताना माणूस तिथंच ओढतो. मधल्या भागावर तळहात दाबून फिरवा, टाके तुटले असतील तर कापड हाताखाली सरकतं. शेवटी नाकाजवळ न्या. साबणाच्या वासाखाली दबलेला ओलीचा वास दोन धुण्यांतही जात नाही, तशी वाकळ घेऊच नका. सासूबाई तर टाके मोजायच्या. एका वितीत वीसच्या वर टाके असले की म्हणायच्या, ही बाईनं स्वतःच्या पोरासाठी शिवलेली आहे, विकायसाठी नव्हे. अशा वाकळेला मी दुप्पट किंमत लावते आणि ती जाते.

पाणी तापवायच्या बंबाचं तसं नाही. तो बाहेरून कितीही घासला तरी त्याचा जीव मधल्या नळीत असतो. नळीत निखारे, भोवती पाणी. वर्षानुवर्षांच्या आचेनं आणि राखेनं नळी आतून झिजते आणि बारीक भोक पडतं. बंब आडवा धरून नळीतून नुसतं आरपार बघून भागत नाही. तोटी बंद करून काठोकाठ पाणी भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. नळीखालचा कागद ओला झाला तर नळी गेली, तोटीखालचा झाला तर नुसती तोटी बदलली की काम झालं. पहिल्या दोषाला डाग द्यायला, म्हणजे भोक झाळून बुजवायला, कारागीर लागतो आणि डाग दिलेली नळी किती दिवस टिकेल ते तो स्वतःही सांगत नाही. तसा बंब वजनाच्या भावात, मोड म्हणूनच घ्या. खालची जाळी आणि राखेचा डबा आहे का तेही बघा, हे सुटे भाग भंगारात पडून हरवतात आणि नंतर मापाचे मिळत नाहीत.

पाणी भरून दाखवलेला बंब बाजारात लवकर विकला जातो. मी एक बंब भरलेलाच ठेवते, खाली कोरडा कागद तसाच. त्याच्याबद्दल मला काही बोलावं लागत नाही.

थर्मासचंही तसंच: उकळतं पाणी भरून झाकण लावा, दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. कोमट लागला तर आतली निर्वात काच गेली, ठेवून द्या.

धुणं, वाळवणं, दुरुस्ती

स्वेटर खऱ्या लोकरीचा की ॲक्रिलिकचा हे आधी ओळखा, कारण धुण्याची पद्धत आणि किंमत दोन्ही त्यावर ठरतात. आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून टोकाला कडक मणी होतो. लोकर गार पाण्यात रिठ्यानं धुवा, पिळू नका, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि खाटेवर पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगली की ओल्या वजनानं लांबते आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. ॲक्रिलिकला कोमट पाणी आणि साधा साबण चालतो. गोळे आले असतील तर ताणून धरून सेफ्टी रेझर हलका फिरवा, दोन वर्षं जुना स्वेटर सहा महिन्यांचा दिसायला लागतो. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासा. बटणं सगळी एकसारखी लावा. एक बटण वेगळं असलं की गिऱ्हाईक वीस रुपये कमीच करतं, आणि बटणांचं पाकीट तेवढ्यात येतं.

ढेकणांची भीती असेल तर थंडीतल्या उन्हावर विसंबू नका, ते ढेकूण मारण्याइतकं तापत नाही. सुती चादर, वाकळ उकळत्या पाण्यात बुडवा. लोकरीच्या कपड्याच्या शिवणींवरून ओला फडका ठेवून गरम इस्त्री सावकाश फिरवा. संशयाचा कपडा बाकी मालात मिसळायचाच नाही.

पितळ-तांबं चिंच आणि मिठानं घासा, पण लगेच भरपूर पाण्यानं धुऊन पुसून कोरडं करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग उठतात. स्वयंपाकाच्या पितळी भांड्याला कल्हई नसेल तर विकताना तसं सांगा. आणि एखादी वस्तू खरोखर जुनी, घडणीची वाटली, म्हणजे अडकित्ता, पानपुडा, समई, तर ती घासू नका. शनिवार-रविवारी चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याचे लोक बेळगावला खरेदीला येतात. त्यांच्यातले हौशी लोक तो काळसर रंग बघूनच किंमत देतात.

आता दहिवराचं. दुसऱ्या वर्षी मी खानापूरला जायचा माल रात्रीच टेम्पोत भरून ठेवला, म्हटलं पहाटे वेळ वाचेल. वर ताडपत्री टाकली नव्हती, नुसती चादर. सकाळी वरचे गठ्ठे दहिवरानं दमट झालेले. उन्हात सुकतील म्हणून तसेच मांडले आणि तीन ब्लँकेटं विकलीही. पुढच्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ ब्लँकेट घेऊन परत आले. काही बोलले नाहीत, फक्त माझ्यापुढं धरलं. कुबट वास येत होता. पैसे परत दिले, दुसरं ब्लँकेट दिलं, पण बाकीचे दोघं कोण होते ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून माल रात्री घरातच, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. पहाटे भरायला अर्धा तास जास्त लागतो, तो लागू दे. लोखंडी अवजारं, कोयते, विळे असतील तर त्यांनाही आदल्या रात्री तेलाचा हात फिरवा, एका दहिवरात तांबूस गंज चढतो.

जागा आणि मांडणी

उन्हाळ्यात झाडाखालच्या जागेसाठी भांडणं होतात. थंडीत तीच जागा वाईट, कारण दुपारपर्यंत तिथं गारठा असतो आणि थरथरत कोणी निवडत बसत नाही. ऊन येणारी जागा धरा. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून मालाचं तोंड दक्षिणेला असेल तर सकाळपासून उतरेपर्यंत ऊन मालावर आणि गिऱ्हाइकाच्या पाठीवर राहतं. पाठीवर ऊन घेत माणूस दहा मिनिटं जास्त थांबतो. वारा बहुतेक उगवतीकडून येतो, कोरडा आणि धुळीचा. त्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा बांधा आणि खालची कड दगडांनी दाबा.

जमीन ओली असते. आधी पोती, त्यावर ताडपत्री, त्यावर स्वच्छ चादर. त्याहून बरं म्हणजे भाजीचे चार क्रेट उलटे टाकून त्यावर फळी. माल गुडघ्याच्या उंचीवर आला की वयस्कर माणसांना वाकावं लागत नाही, आणि वाकळा-घोंगडी घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वयस्करच असतं.

स्वेटरांचा ढीग करू नका. लहान पोरांचे, बायकांचे, पुरुषांचे असे तीन भाग करा आणि प्रत्येकातले दोन हँगरला दोरीवर लटकवा. वीस-वीस, पन्नास-पन्नासचा ढीग वेगळा ठेवा, कानटोप्या, मोजे, मफलर त्यात. त्या ढिगात हात घालायला थांबलेलं माणूस मोठ्या मालापर्यंत आपोआप येतं. एक हातभर आरसा जरूर ठेवा. स्वेटर अंगात घालून आरशात बघितला की निम्मी विक्री झालीच.

पाटी लावली तर कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहा. कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावं असा कायदा २०२४ मध्ये झालाय. तुमच्या पुठ्ठ्याच्या पाटीला कोणी मोजपट्टी लावेल न लावेल, पण निम्मं गिऱ्हाईक कन्नड वाचणारं आहे, त्याच्यासाठी लिहायला नको का?

बोलणं आणि भाव

कन्नड येत नसेल तर एवढं तरी जिभेवर बसवा. "एष्ट्री?" म्हणजे कितीला. ऐवत्तु पन्नास, नूर शंभर, नूरा ऐवत्तु दीडशे, इन्नूर दोनशे. "कडिमि माड्री" म्हणजे कमी करा. "नोड्री" म्हणजे बघा. "बेच्चग इरतैती", उबदार राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "इल्ले हरदैती", इथं फाटलंय. तुमच्या तोंडून दोष आधी ऐकला की माणूस तुमच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवतो. रफू केलेली जागा मी स्वतः बोट ठेवून दाखवते. कधीकधी गिऱ्हाईक तेवढ्यावर उठून जातं, पण आठवडी बाजारात तेच माणूस पुन्हा समोर येणार असतं.

भाव ठरवायची माझी रीत अशी. समजा स्वेटर चाळीसला घेतला, साबण, बटणं, दोरा मिळून दहा. झाले पन्नास. टेम्पोचा वाटा, जागेची पावती, चहा-पाणी मिळून दिवसाचा खर्च साडेचारशे धरला आणि तीस वस्तू विकायच्या आहेत, तर प्रत्येकीवर पंधरा. म्हणजे पासष्टला तो मला घरात पडला. ऐंशीच्या खाली द्यायचा नाही हे पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर खुणेनं लिहून आतून टाचणी लावायची. सांगायचे दीडशे, एकशे दहा-वीसला द्यायचा. चिठ्ठी नसेल तर गर्दीत आपणच आपली खरेदी विसरतो आणि भाबडेपणानं साठला देऊन बसतो.

पहिल्या गिऱ्हाइकाला थोडं सोडा, भवानी झाली की हात मोकळा होतो. पण तीनच्या आधी भाव पाडू नका. साडेतीन-चारनंतर जे परत न्यायला जड आहे, म्हणजे ब्लँकेटं, मोठी भांडी, त्यावर मात्र हात सैल करा. पाचनंतर येणारं गिऱ्हाईक खास असतं, दिवसभर कामावर असलेलं, रोजगारी. त्याच्यासाठी चार्जिंगचे दोन एलईडी दिवे जवळ ठेवा. अंधारात रंग कळत नाही आणि डागही दिसत नाही, नीट उजेडात दाखवून द्या.

पैसे, वही, कागद

दहा-वीसच्या नोटा आणि नाणी मिळून पाचशेचे सुट्टे आदल्या दिवशी आणा. क्यूआरची पाटी लावा, पण पैसे आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय किंवा स्वतःच्या फोनवर बघितल्याशिवाय माल देऊ नका, समोरच्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. फोन पूर्ण चार्ज करून, पॉवर बँक घेऊनच निघा.

रोजची विक्री लिहा. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या-छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा ज्यांच्याकडे वही होती त्यांना निदान दाखवायला काहीतरी होतं. वस्तू विकणाऱ्याला राज्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. आपण त्याच्या आसपासही नसतो, पण घरचे, भिशीचे, उसने पैसे त्याच क्यूआरवर घेऊ नका, धंद्याचं खातं वेगळं ठेवा. सीमेपलीकडं, कागल-गडहिंग्लजच्या बाजारात विकायचा विचार असेल तर नियम बदलतो. दुसऱ्या राज्यात जीएसटीचा माल विकला तर ही ४० लाखांची सवलत तशीच लागू पडत नाही. जाण्याआधी हिशेबनिसाला विचारा.

बाजाराच्या जागेचे पैसे दिले की पावती घ्या आणि जपून ठेवा. शहरात नेहमी बसणाऱ्यांनी पालिकेकडून फेरीवाल्याचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यावं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं शहर फेरी समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. त्या बैठकांना आपल्यातलं कोण जातं ते विचारा, शक्य असेल तर स्वतः उभ्या राहा. या कागदांवर पीएम स्वनिधीचं कर्जही मिळतं. २०२० साली ही योजना निघाली तेव्हा पहिला हप्ता १०,००० होता, आता १५,००० आहे. तो वेळेवर फेडला की २५,००० आणि मग ५०,०००. नवरात्रात माल भरायला हा पैसा कामी येतो. सावकाराच्या व्याजावर माल भरू नका, थंडीचे दोन महिने त्या व्याजातच जातात.

कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसचा प्रवास जून २०२३ पासून मोफत आहे. दोन गठ्ठ्यांवर धंदा सुरू करणारीला टेम्पोची गरज नाही. जास्तीच्या सामानाचं तिकीट मात्र काढा.

स्वतःची काळजी

सहा तास गार जमिनीवर बसून कंबर धरते. पोत्यांची जाड घडी किंवा लाकडी पाट घ्या, पायांत मोजे घाला. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर गरम पाणी असू दे. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून आपल्यातल्या कितीजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, थंडीत तर तहानही लागत नाही. त्यातून लघवीचा दाह, मुतखडा असली दुखणी मागे लागतात. जागा धरतानाच जवळ कुठं सोय आहे ते बघून ठेवा आणि शेजारणीशी बोलून आळीपाळीनं उठा. शेकोटी कपड्यांच्या पालाजवळ पेटवू नका, शेजाऱ्यालाही पेटवू देऊ नका. ॲक्रिलिकला एक ठिणगी पुरते.

हंगाम उठताना

माघी पौर्णिमा झाली की वही काढून बसा. तीन बाजारांत कोणी हातही न लावलेला माल ढिगात टाकून निकालात काढा, किंवा चिंध्या म्हणून गॅरेजवाल्यांना द्या, सुती चिंधी त्यांना लागतेच. चांगली लोकर पुढच्या वर्षासाठी ठेवायची तर धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरून ट्रंकेत भरा. डांबराच्या गोळ्या घालायच्या तर फडक्यात बांधून घाला, कापडाला थेट लागू देऊ नका. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीसुद्धा ओल धरतात, म्हणून ट्रंक विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. श्रावणात एखादा उन्हाचा दिवस मिळाला की सगळं एकदा बाहेर काढून उलटंपालटं करून परत ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला काय काय आहे, कितीला घेतलेलं आहे त्याची चिठ्ठी चिकटवा. नवरात्रात बोहारणीकडं जाताना ती चिठ्ठी सोबत न्यायची.